चार नंबरची घंटा

१

नीलाताई प्रधान गेल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी, आणि त्यांच्या मुठीत घंटेचं बटण तसंच होतं. डोंबिवलीचं शेवंती वृद्धनिवास, खोली नंबर चार. नवरा सुधीर प्रधान वाचनालयातून आठला दहा कमी असताना परत आले, तर बायको पलंगाशेजारी जमिनीवर. मूठ सोडवायला दोन माणसं लागली म्हणतात. डॉक्टरांनी झटका आला म्हणून सांगितलं आणि निघताना एक वाक्य बोलून गेले, "अर्धा तास आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." डॉक्टरांचं काय, ते गाडीत बसून गेले. मागे घर पेटलं.

कारण बटण दाबलेलं होतं. एकदा नव्हे, नऊ वेळा. प्रत्येक दाबाची वेळ त्या बटणातच साठते. पहिला दाब सात वाजून पाच मिनिटांनी, शेवटचा सात अडतीसला. आयांच्या खोलीत भिंतीवर फलक आहे, बटण दाबलं की तो वाजतो आणि खोलीचा नंबर लागतो. त्या फलकावर मात्र चार नंबरची एकही नोंद नव्हती. आता फलकावरची नोंद पुसायला काय लागतं? एक बोट. आणि त्या वेळी फलकासमोर बसली होती एकटी रखमाबाई.

"बाई मरत होती आणि ही बसून राहिली. वर पाप पुसून टाकलंन," प्रधान सगळ्यांसमोर म्हणाले होते. "ही खुनी आहे."

तेरावं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, रखमाबाई ठाण्याला टेंभी नाक्यामागे आसावरी चौबळांच्या दारात उभी राहिली. आसावरीबाई तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं संगणकाची जाळी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आईचं शेवटचं दोन वर्षांचं दुखणं याच रखमाबाईने काढलं होतं. आईचं हगणंमुतणं जिने तोंड वाकडं न करता काढलं तिला दारात उभी ठेवायची नसते, म्हणून त्यांनी तिला हाताला धरून आत आणलं.

"शनिवारी चार वाजता ट्रस्टींची मीटिंग आहे, ताई. मला काढणार, पोलिसांत पण देणार. देऊ देत. पण डोंबिवलीत मला परत कोण दारात उभं करणार? चौदा वर्षं म्हाताऱ्या माणसांचं केलंय. माझ्या सुनेला शेजारीण विचारते, तुझ्या सासूने माणूस मारलं का म्हणून."

"रखमा, तू घंटा ऐकलीस?"

"नाही."

"डोळा लागला होता?"

"सात वीसला सहा नंबरने वाजवली, मी मिनिटात गेले. ते आजोबा सांगतील." रखमाबाईने पदराने तोंड पुसलं. "तेच तर माझ्यावर उलटलंय. म्हणतात, सहाची ऐकू आली मग चारची कशी नाही? ताई, मी पण हेच विचारते स्वतःला. नऊ वेळा वाजलेली घंटा माणसाला ऐकू कशी येत नाही?"

२

आसावरीबाईंना आणखी एक गोष्ट बोचत होती, ती त्यांनी रखमाबाईला सांगितली नाही. ती घंटा त्यांच्याच वर्गाची होती.

निवृत्तीनंतर दर रविवारी त्या घरच्या दिवाणखान्यात आठदहा जणांना शिकवायच्या: जाळं कसं बांधायचं आणि त्याच्यावर ताबा कसा ठेवायचा. बहुतेक पोरंसोरं. अपवाद एकच, सुधीर प्रधान. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जुने इंजिनियर, वही घेऊन पहिल्या खुर्चीवर. डोंबिवलीहून रविवार न चुकता यायचे. "घरी बसलो तर मीही विसरायला लागेन," असं एकदा म्हणाले होते. नीलाताईंना विसरण्याचा आजार झाला होता, म्हणून तर नवराबायको शेवंतीत राहायला आलेले. वर्गाचा प्रकल्प म्हणून शेवंतीच्या घंटांचं जाळं उभारलं ते प्रधानांनी आणि कल्याणच्या विनीतने मिळून. बाईंनी स्वतः तपासून पाठ थोपटली होती.

नीलाताई गेल्या त्या आठवड्यात, बुधवारी, प्रधानांचा फोनही आला होता. कसलीतरी शंका होती. बाई घोडबंदर रोडला गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्या, मागून हॉर्न, पुढून हॉर्न. "रविवारी वर्गात बघू हं," म्हणून ठेवला. तो रविवार काही आला नाही. परवा शोकाला गेल्या तेव्हा प्रधान एक शब्द बोलले नव्हते.

रखमाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बाई शेवंतीत पोचल्या. व्यवस्थापक उर्वी कारखानीस पस्तिशीची, चटपटीत, आणि पार घाबरलेली.

"मॅडम, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आणि विनीतने चार नंबरचं बटण स्वतः दाबून बघितलं. ठणठणीत वाजलं. मशीन ओके आहे. मग उरलं कोण, सांगा ना."

"पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे, विनीतकडे आणि प्रधानकाकांकडे. तिघंच." उर्वीने आवाज खाली आणला. "मॅडम, रखमाबाई वाईट नाही हो. पण मी कुणाकुणाला तोंड देऊ? रोज दोन नातेवाईक विचारतात, आमच्या आईची घंटा ऐकतात ना?"

प्रधान खोलीतच होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, पाठ ताठ. दोन आठवड्यांत माणूस खचतो, हे उलट ताठ झालेले. टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता.

"तुम्ही तिची बाजू घेऊन आलात का?"

"मी काय झालं ते बघायला आलेय."

"काय झालं ते मला ठाऊक आहे." त्यांनी पलंगाकडे बोट केलं. "तीन दिवस नीला मला सांगत होती, संध्याकाळी कुणी येत नाही. मी हसण्यावारी नेलं. तिला रोज काहीतरी वेगळंच वाटायचं. एकदा म्हणाली, भिंतीत पाणी वाहतंय. मग मी तिचं काय काय खरं मानायचं? पण हे खरं होतं, मॅडम. ती हाका मारत होती आणि ती बाई येत नव्हती. एका दिवसाचं नाही हे. रोजचं होतं."

बाई उठल्या, पण त्यांच्या मनात एक काटा रुतला. रोजचं होतं?

३

दिवसाची आया अक्षदा, नऊ ते पाचची. संध्याकाळी पाच ते दहा रखमाबाई. अक्षदा तोंडाने फाटकी, पण खोटं बोलणारी नव्हे.

"नीलाआजी दुपारी नुसत्या जीव खायच्या, मॅडम. एक वाजला की सुरू. जेवून माणूस जरा पाठ टेकणार तर टिंग. दहा-दहा वेळा. जावं तर काय? म्हणे, माझ्या खोलीत कोण गृहस्थ बसलेत, त्यांना बाहेर काढा." अक्षदाने कपाळाला हात लावला. "काका बिचारे खुर्चीत पेपर घेऊन बसलेले असायचे. मी ओरडायचे आजींना, खोटं कशाला बोलू? अहो आजी, नवरा आहे तो तुमचा, कितीदा सांगू! काका काही बोलायचे नाहीत. खाली मान घालून पेपर वाचायचे."

"त्या शेवटच्या आठवड्यात दुपारी घंटा वाजत होती?"

"रोज. गेल्या त्या दुपारीसुद्धा सात वेळा."

रखमाबाईला बाईंनी फोन करून तेच विचारलं, संध्याकाळबद्दल.

"माझ्या पाळीत बाई तीन-चारदा बोलवायच्या, ताई. कोण गृहस्थ म्हणून मला पण विचारायच्या. मी म्हणायची, हे तुमचे मालक, बघा किती छान दिसतात. मग लाजायच्या." रखमाबाईचा आवाज घसरला. "शेवटचे चार-पाच दिवस मात्र दिवेलागणीनंतर बाई जवळजवळ गपच होत्या. सहाला चहा द्यायला जायची, आठला जेवण घेऊन, तेवढंच. मला वाटलं नवीन गोळी लागू पडली. देवाला नमस्कार पण केला मी."

दुपारी बाईंनी विनीतला कल्याणहून बोलावून घेतला. विनीत चोवीस वर्षांचा, हुशार, आणि त्या दिवशी घामाघूम.

"विनीत, त्या शुक्रवारी तू यंत्राला हात लावला होतास?"

"नाय मॅडम."

"अरे, पेटीत नोंद आहे. सहा वाजून पंधरा मिनिटांनी तू कल्याणहून आत शिरलेलास."

वर्गात बाईंनी शंभरदा सांगितलं होतं, चालत्या यंत्रावर सराव करायचा नाही, माणसं त्याच्यावर विसंबून असतात. विनीत खुर्चीत कोसळला.

"मॅडम, शप्पथ, मी फक्त अपडेट मारलेला. पंधरा मिनिटांत बाहेर आलेलो. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा माझी फाटली. मी कुणालाच बोललो नाय. झोप नाय मला. मॅडम, आजी माझ्यामुळे गेल्या का?"

४

इथे जरा थांबून ती पेटी काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवंतीचं जाळं दोन भागांत आहे. एकीकडे खोल्यांमधली बटणं, दुसरीकडे कार्यालय आणि आयांचा फलक. मध्ये एक छोटी पेटी, फायरवॉल. वर्गात बाई सांगायच्या, ही पेटी म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन. हातात नियमांची यादी. निरोपाचं कुठलंही पाकीट आलं की तो बघतो, कुठून आलं, कुणाकडे चाललं, कुठल्या दाराला. यादी वरून खाली वाचतो. जी ओळ लागू पडली तिथेच थांबतो आणि तसं करतो, पुढचं वाचतच नाही. सगळ्यात खालची ओळ: बाकी सगळ्यांना मनाई. आणि एक गोष्ट तो कधीच करत नाही. पाकीट फोडून आत काय लिहिलंय ते वाचत नाही.

बाईंनी दोन याद्या काढून घेतल्या. एक चार नंबरच्या बटणाची, एक भिंतीवरच्या फलकाची. शेजारी शेजारी ठेवून एकेक दाब जुळवत गेल्या. आजवर सगळ्यांनी फक्त त्या शुक्रवारचाच कागद पाहिला होता. बाईंनी महिन्याचा काढला.

नीलाताई गेल्या त्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत सगळं जुळत होतं. बटणाने पाठवलं, फलकाने घेतलं. सोमवार संध्याकाळपासून पाकिटं हरवायला लागली होती. सोमवारी चार, मंगळवारी तीन, बुधवारी पाच, गुरुवारी चार. शुक्रवारी नऊ. आणि सगळी रखमाबाईच्या पाळीत.

"म्हणजे रोज पुसत होती," उर्वी पुटपुटली. "मॅडम, हे तर जास्तच वाईट झालं."

विनीतनेही मान खाली घातली. बाईंचाही क्षणभर धीर सुटला. तिच्यासाठी आलो आणि तिच्याच गळ्याला फास आवळला की काय! पण एकतीस वर्षं ज्या बाईने पोरांच्या उत्तरपत्रिकांत चूक शोधली तिची नजर असल्या कागदावरून सहज हलत नाही. त्यांनी पेन्सिल घेऊन हरवलेल्या प्रत्येक पाकिटाची वेळ शेजारी लिहिली.

"उर्वी, रखमाची पाळी पाचला सुरू होते. गुरुवारी नीलाताईंनी पाच चाळीसला घंटा केली, फलकावर आहे. सहा पंचवीसला केली, आहे. सहा पस्तीसला केली, नाही. मंगळवारी सहा अठ्ठावीसची आहे, सहा बत्तीसची नाही. रोज तसंच. नोंदी पुसणारी बाई साडेसहा वाजेपर्यंत घड्याळ बघत बसेल का?"

उर्वी कागदावर वाकली.

"आणि दुसरं टोक बघ. बुधवारी नऊ पंचवीसची हरवली. नऊ पस्तीसची पोचली. साडेसहा ते साडेनऊ. असं काटेकोर माणूस वागत नाही, बाळ. यंत्र वागतं. विनीत, पेटीतली नियमांची यादी दाखव."

विनीतने पडदा फिरवला. सगळ्यात वरची ओळ बाईंनी आजवर पाहिलेली नव्हती: चार नंबरच्या बटणाकडून फलकाकडे येणारं पाकीट टाकून द्यावं.

उर्वीने तोंडावर हात घेतला. पण विनीत मान हलवत होता.

"मॅडम, ती मी दुसऱ्याच दिवशी बघितलेली. मला वाटलं उर्वीमॅडमनी काहीतरी ट्राय केलंय. पण ती नाही कारण. वेळ बघा ना. दुपारी एक ते चार. आजी संध्याकाळी गेल्या. आणि दुपारी तर घंटा रोज वाजत होती!"

५

दुपारी एक ते चार बंद, तर दुपारी वाजते. संध्याकाळी चालू, तर संध्याकाळी वाजत नाही. आसावरीबाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. तीन तास. साडेसहा ते साडेनऊ, तेही तीनच तास.

आणि मग त्यांना स्वतःच्याच टिपणवहीतली एक ओळ आठवली. अकराव्या रविवारी शिकवायची होती. त्या दिवशी पोरांना क्रिकेटची मॅच बघायची घाई होती, म्हणून बाईंनी पान उलटलं होतं. पेटीचं घड्याळ आपली वेळ दाखवतं. पण वेळेचा नियम लिहिला की, वेगळं सांगितलं नाही तर, पेटी तो ग्रिनिचच्या वेळेने मोजते. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"सहा वीस."

तिघं चार नंबरमध्ये गेली. प्रधान नेहमीप्रमाणे वाचनालयात होते. बाईंनी नीलाताईंच्या उशाचं बटण उचललं आणि दाबलं. कॉरिडॉरच्या टोकाला फलक खणखणला. सहा पंचवीसला परत दाबलं. वाजला. सहा एकतीसला दाबलं.

काहीच नाही. बाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा. लांबून टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं, पण फलक मुका.

उर्वी रडायला लागली. "म्हणजे रखमाबाई खरं सांगत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण. पण मॅडम, हा नियम घातला कुणी?"

"तू नाहीस. तू मागे आयांच्या फोनवरचे सिनेमे बंद करायला एक ओळ घातली होतीस, आठवतं? सगळ्यात खाली, 'बाकी सगळ्यांना मनाई'च्याही खाली. वॉचमन तिथवर कधी पोचलाच नाही. ही ओळ मात्र बरोब्बर सगळ्यात वर आहे. ज्याने घातली तो वर्गात नीट लक्ष देऊन बसलाय."

विनीतने स्वतःकडे बोट केलं. "म्हणजे मी?"

"तू शुक्रवारी आत शिरलास. पाकिटं सोमवारपासून हरवतायत. आणि तू आयुष्यात कधी नियमाला टीप लिहिलेली नाहीस, म्हणून तर मी तुझे मार्क कापते. या ओळीला टीप आहे. वाच मोठ्याने."

विनीतने फोनवर काढलेल्या फोटोवरून वाचलं: "खोली चार. विश्रांतीची वेळ. माणूस सोबत आहे."

दुपारी एक ते चार नीलाताईंच्या सोबत एकच माणूस असायचा. खुर्चीत, पेपर घेऊन, खाली मान घालून.

तिघंही त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. आणि बाईंना बुधवारचा तो फोन शब्दशः ऐकू आला, हॉर्नांच्या गोंगाटातून, वयस्कर, अदबीचा आवाज: "मॅडम, वेळेचा एक नियम लिहिलाय, पण तो लागत नाहीये. काय चुकलं असेल?"

६

त्या रात्री आसावरीबाईंनी जेवण टाकलं. काय करायचं होतं त्यांनी? सांगावं, तर एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या बायकोच्या मरणाचं माप त्याच्याच हाताने मोजायला लावायचं. न सांगावं, तर रखमाबाई जन्माची खुनी. मधला रस्ता त्यांनी खूप शोधला. यंत्र बिघडलं होतं, एवढंच म्हणून भागेल का? भागलंही असतं कदाचित. पण मग यंत्र कुणी बिघडवलं म्हणून विनीतच्या मानगुटीवर बसले असते सगळे. आणि प्रधान काही मूर्ख नव्हते. आज ना उद्या ते स्वतः ती यादी उघडून बघणार, एकटे असताना. ते बाईंना अजिबात नको होतं.

शनिवारी दुपारी दोन वाजता त्या चार नंबरमध्ये गेल्या. प्रधान त्याच खुर्चीत होते. बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"सुधीरराव, बुधवारी तुम्ही मला फोन केला होतात. शंकेचं उत्तर द्यायचं राहिलं."

"त्याचं आता काय?" ते त्रासून म्हणाले. "तो नियम मी वेगळ्या कारणासाठी लिहिला होता. चाललाच नाही. दुपारी घंटा वाजतच राहिली. म्हटलं रविवारी विचारू, तोवर राहू दे." मग जरा थांबून म्हणाले, "अक्षदा तिला ओरडायची. मी समोर असताना. नीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, हा कोण? त्रेपन्न वर्षं संसार केलाय आम्ही. ती आत्ता कुणाला ओळखत नाही हे मला चालत होतं. पण ते दिवसातून दहा वेळा लोकांना बोलावून सांगायचं, आणि त्यांनी तिला झापायचं... मी तिच्या शेजारी होतो ना? मग घंटा कशाला हवी होती? एवढंच माझं म्हणणं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"तो नियम चालला, सुधीरराव. पेटी वेळेचा नियम आपल्या वेळेने मोजत नाही. ग्रिनिचच्या मोजते. हे मी शिकवायला हवं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दोन्ही वेळेला मी टाळलं."

प्रधान पहिल्या खुर्चीवर बसणारे विद्यार्थी होते. सवयीने त्यांच्या ओठांनी बेरीज सुरू केली.

"एकात साडेपाच मिळवले... साडेसहा." मग हळू, "चारात साडेपाच. साडेनऊ."

पुढचा आकडा ते मोठ्याने म्हणाले नाहीत. सात वाजून पाच कुठे पडतात ते बघायला बेरीज लागत नाही. त्यांनी टेबलावरचा तक्रारीचा कागद उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग म्हणाले, "ती मला सांगत होती. संध्याकाळी कुणी येत नाही. मला सांगत होती ती."

"माझीही चूक आहे यात. तुमच्या एकट्याची नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत. मी उत्तर मिळेपर्यंत नियम काढून ठेवला नाही." एवढ्यातही त्यांनी हिशेब चोख केला. "मीटिंग चार वाजता आहे ना?"

७

जेवणघरात ट्रस्टी होते, आया होत्या, चालता येणारे सगळे म्हातारेकोतारे होते. रखमाबाई दाराजवळच्या बाकावर, चप्पल पायातून न काढता, कुणी हाकललं तर लगेच उठता यावं अशी बसलेली. शेजारी अक्षदा.

प्रधान उभे राहिले. आवाज स्वच्छ होता.

"रखमाबाईंनी घंटा ऐकली नाही, कारण ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. ती मी अडवली होती. चुकून, पण मीच. माझ्या बायकोची हाक माझ्याच नियमाने अडवली. कुठल्याही आयाचा, विनीतचा, कुणाचाही यात दोष नाही. मी या बाईंना सगळ्यांदेखत खुनी म्हणालो. तो शब्द मी सगळ्यांदेखत परत घेतो."

प्रधान टेबलांमधून वाट काढत रखमाबाईसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"हात नका जोडू, साहेब."

"तुमचं काम, पगार, सगळं मी बोलून..."

"कामाचं राहू द्या हो." रखमाबाई उभी राहिली. पंधरा दिवस जे साठलं होतं ते आता बाहेर पडलं. "बाईंना नेलं तेव्हा मी फाटकाशी उभी होते. तुम्ही मला आत येऊ दिलं नाहीत. दोन वर्षं मी त्यांची वेणी घातली. मला त्यांचं तोंड बघू दिलं नाहीत. ते आता कुठून देणार मला?"

प्रधानांचे जोडलेले हात खाली आले, आणि मग इतके दिवस ताठ असलेली ती पाठ हळूहळू वाकली. इतके दिवस त्यांची बायको दुसऱ्या कुणीतरी मारली होती, आणि त्या रागावर हा माणूस दाढी करत होता, सदरा इस्त्री करत होता, कागद लिहीत होता. आता राग करायला कुणी उरलं नाही. ते बाकावर बसले आणि रडले. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसे. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

आसावरीबाई पुढे झाल्या. काय बोलणार होत्या देव जाणे. अकराव्या रविवारी पान उलटलं होतं ते उलटलंच. रखमाबाईने त्यांना हातानेच थांबवलं. तिने आता चपला काढल्या, बाकावर प्रधानांच्या शेजारी बसली, आणि डोळे पुसत, पण कामावर असताना बोलते त्याच आवाजात म्हणाली,

"तुम्ही जा, ताई. मी बसते यांच्यापाशी."